डिपस्टिक कोरडी, मग ऑइल गेलं कुठे? जुन्या बाईकमधला ड्राय सम्प आणि स्कॅव्हेंज पंप सोप्या भाषेत

समजा, घरात एक जुनी बुलेट आहे. काका किंवा आजोबांची असेल, नाहीतर तुम्ही हौसेनं सेकंडहँड घेतली असेल. पावसाळ्यात महिनाभर गाडी उभीच राहिली. एका रविवारी कव्हर काढलं, डिपस्टिक बघितली, तर ऑइल जवळजवळ नाहीच. खाली फरशीवर डागही नाही. तुम्ही दुकानातून लिटरभर ऑइल आणून ओतलं, डिपस्टिकवर लेव्हल बरोबर दिसली आणि किक मारली. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, ब्रीदरच्या पाईपमधून ऑइल बाहेर पडलं आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

या गाडीतलं ऑइल कधी कमी झालंच नव्हतं. ते फक्त टाकीतून निघून क्रँककेसमध्ये जाऊन बसलं होतं. जुन्या बाईकच्या ऑइलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच: ऑइल किती आहे हे विचारण्याआधी ते कुठे आहे हे विचारा. असं का, हे या लेखात स्टेप बाय स्टेप समजून घेऊया.

## थोडक्यात

- बऱ्याच जुन्या फोर-स्ट्रोक बाईकमध्ये ऑइल इंजिनाच्या तळाशी साठवत नाहीत. त्यासाठी वेगळी टाकी असते. या पद्धतीला ड्राय सम्प म्हणतात.
- त्यात दोन पंप असतात. एक ऑइल इंजिनाला देतो (फीड पंप), दुसरा वापरून झालेलं ऑइल उपसून टाकीत परत टाकतो (रिटर्न किंवा स्कॅव्हेंज पंप).
- उपसणारा पंप देणाऱ्या पंपापेक्षा मोठा असावा लागतो.
- गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये झिरपतं. याला वेट सम्पिंग म्हणतात.
- डिपस्टिक फक्त टाकीतलं ऑइल दाखवते. क्रँककेसमध्ये काय चाललंय ते तिला माहीत नसतं.

## आधी बेसिक: इंजिनात ऑइल नेमकं काय करतं?

आपण म्हणतो, ऑइल म्हणजे घर्षण कमी करायला. ते खरंच आहे, पण ऑइलला चार कामं असतात. धातूच्या दोन भागांमध्ये पातळ थर तयार करून त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं, तिथली उष्णता उचलून नेणं, झिजलेल्या धातूचे कण आणि काजळी वाहून नेणं, आणि पिस्टन रिंगच्या फटी काही प्रमाणात सील करणं.

यातली उष्णता आणि कचरा वाहून नेणारी दोन कामं बघा. एका जागी बसलेलं ऑइल ती करूच शकत नाही. त्यासाठी ऑइल सतत फिरतं पाहिजे, म्हणजे जितकं आत गेलं तितकं बाहेरही आलं पाहिजे. आत पाठवणं त्या मानानं सोपं असतं. बाहेर काढणं, म्हणजे उपसा, हे जुन्या इंजिनांचं खरं दुखणं.

इथे एक गोंधळ टाळूया. टू-स्ट्रोक इंजिनबद्दल वाचताना ‘स्कॅव्हेंजिंग’ हा शब्द वेगळ्या अर्थानं येतो. तिथे जळालेला धूर ढकलून नवीन मिश्रण सिलिंडरमध्ये भरण्याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. आपण इथे फक्त ऑइलच्या उपशाबद्दल बोलतोय.

## सुरुवातीला ऑइल परत येतच नव्हतं

१९०० ते १९२० च्या काळातल्या बहुतेक बाईकमध्ये ‘टोटल लॉस’ पद्धत होती. छोट्या टाकीतून ऑइल इंजिनात जायचं आणि तिथून जळून किंवा गळून संपायचं. अनेक गाड्यांवर हातपंप असायचा. चालवणाऱ्यानं ठराविक अंतरानंतर तो दाबायचा, चढ आला की जास्त वेळा दाबायचा. विसरलं तर इंजिन जाम. जास्त दाबलं तर मागे धुराचे लोट.

त्या काळात एरंडेल तेलही इंजिनात वापरलं जायचं, कारण गरम झाल्यावरही ते चांगला थर धरतं. ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव १९०९ मध्ये आलं ते ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडावरूनच.

पुढे हातपंपाच्या जागी इंजिनावर चालणारा पंप आला, तरी बऱ्याच गाड्यांमध्ये ऑइल वायाच जात होतं. हार्ले-डेव्हिडसननं आपल्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये ऑइल फिरवून परत वापरण्याची पद्धत आणली ती १९३६ च्या ‘ईएल’ मॉडेलपासून. चाहते त्या इंजिनाला ‘नकलहेड’ म्हणतात.

टोटल लॉस ही फक्त इतिहासातली गोष्ट आहे असं वाटत असेल, तर घरातल्या मोठ्यांना त्यांच्या बजाज चेतक, राजदूत किंवा येझदीबद्दल विचारा. पेट्रोल पंपावर पेट्रोलमध्ये २टी ऑइल मिसळून घ्यायचे ना? ते ऑइल इंजिनातून एकदाच जायचं आणि पेट्रोलबरोबर जळायचं. आरएक्स १०० मध्ये ऑइलची टाकी आणि पंप वेगळा होता, पण तिथेही शेवटी ऑइल जळायचंच. टू-स्ट्रोकमध्ये परतीचा रस्ताच नसतो, म्हणून हा लेख फोर-स्ट्रोक इंजिनांचा आहे.

## वेट सम्प आणि ड्राय सम्प: फरक काय?

‘सम्प’ म्हणजे इंजिनाच्या तळाची जागा, जिथे ऑइल आपोआप ओघळून जमा होतं.

वेट सम्प: ऑइल तळाशीच साठवतात. तिथूनच पंप ते उचलतो, वर पाठवतो आणि काम झाल्यावर ते गुरुत्वाकर्षणानं परत तळाशी येतं. पंप एकच लागतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक १००-१५० सीसी बाईक अशाच आहेत.

ड्राय सम्प: ऑइल वेगळ्या टाकीत असतं. फीड पंप ते इंजिनाला देतो आणि तळाशी जमा झालेलं ऑइल स्कॅव्हेंज पंप लगेच उपसून टाकीत परत पाठवतो. इंजिन चालू असताना तळ जवळजवळ कोरडा राहतो, म्हणून हे नाव.

मग जुन्या ब्रिटिश कंपन्यांनी दोन पंपांची भानगड का केली? त्या इंजिनांमध्ये क्रँककेसच्या आत मोठी, जड फ्लायव्हील असतात. ती ऑइलमध्ये बुडून फिरली तर ताकद वाया जाते, ऑइलचा फेस होतो आणि ते उगाच तापतं. ऑइल फ्लायव्हीलच्या खाली ठेवायचं म्हटलं तर खोल तळ हवा, म्हणजे इंजिन वर उचलावं लागेल. शिवाय तेव्हा गिअरबॉक्स बहुधा वेगळा असायचा, त्यामुळे ऑइल ठेवायला तिथेही जागा नव्हती. टाकी बाहेर ठेवली की हे प्रश्न सुटतात आणि ऑइलला थंड व्हायला वेळही मिळतो.

ड्राय सम्प म्हणजे मागासलेलं तंत्रज्ञान असंही समजू नका. १९६९ ची होंडा सीबी७५० ही तिच्या काळातली अतिशय आधुनिक बाईक. तिचं इंजिनही ड्राय सम्पच होतं.

## उपसणारा पंप मोठा का लागतो?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे एक नेहमीचा प्रश्न असतो. एक प्रोग्राम रांगेत काम टाकतोय, दुसरा ते उरकतोय. उरकणारा अगदी थोडा जरी हळू असला तरी रांग वाढत जाते आणि कधी ना कधी मेमरी भरते. इंजिनात तेच होतं.

सोसायटीचं बेसमेंट पार्किंग डोळ्यासमोर आणा. पावसाचं पाणी आत येतंय आणि पंप ते बाहेर फेकतोय. पाणी येण्याचा आणि उपसण्याचा वेग अगदी सारखा असेल, तर पंप थोडा झिजला किंवा जाळीत पान अडकलं की पार्किंग भरायला लागतं. म्हणून पंप गरजेपेक्षा मोठाच घेतात.

इंजिनात आणखी एक अडचण आहे. फीड पंपाला टाकीतून स्वच्छ, सलग ऑइल मिळतं. स्कॅव्हेंज पंपाला मिळतं ते फ्लायव्हीलनं घुसळलेलं, हवेचे बुडबुडे असलेलं ऑइल. तेच ऑइल आता जास्त जागा व्यापतं, म्हणून ते उचलायला पंपही मोठा लागतो.

याचा परिणाम तुम्ही डोळ्यांनी बघू शकता. बाहेर टाकी असलेल्या ट्रायम्फ, बीएसए किंवा नॉर्टनच्या टाकीचं झाकण इंजिन चालू असताना उघडलं, तर परत येणारं ऑइल दिसतं. सुरुवातीला सलग धार येते. क्रँककेस रिकामी झाली की तीच धार थुंकल्यासारखी, मध्येमध्ये हवा घेऊन येते. नवखा माणूस घाबरतो, पण हे चांगलं लक्षण आहे. याचा अर्थ तळ कोरडा झालाय आणि पंप आता ऑइलबरोबर हवाही ओढतोय.

## आपल्या ओळखीचं उदाहरण: जुनी बुलेट

१९५५ मध्ये मद्रासला ‘एन्फिल्ड इंडिया’ सुरू झाली आणि इंग्लंडमधल्या रेडिचची बुलेट भारतात बनू लागली. तिकडचा कारखाना बंद झाला, तरी तेच मूळ डिझाइन आपल्याकडे २००० नंतरही चालू राहिलं. आपले मेकॅनिक त्याला ‘कास्ट आयर्न इंजिन’ म्हणतात. २००८ पासून हळूहळू आलेलं यूसीई इंजिन वेट सम्पचं आहे, त्यामुळे पुढची माहिती त्याला लागू होत नाही. ओळखायचं कसं? कास्ट आयर्न बुलेटमध्ये गिअरबॉक्स हा इंजिनामागे बोल्टनं जोडलेला वेगळा भाग असतो. यूसीईमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असतात.

कास्ट आयर्न बुलेट बघून वाटतं की ही वेट सम्प असणार, कारण बाहेर ऑइलची टाकी दिसत नाही. प्रत्यक्षात टाकी क्रँककेसच्या ओतकामातच मागच्या बाजूला आहे. मध्ये भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला ऑइल. टाकीत साधारण सव्वादोन लिटर ऑइल बसतं.

ऑइलचा प्रवास असा होतो:

1. क्रँकच्या टोकाला वर्म गिअर असतो. तो टायमिंग कव्हरमधल्या दोन्ही पंपांना फिरवतो. पंपांचा वेग इंजिनाच्या १/१२ असतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल, तर पंप २५० फेऱ्या मारतो.
2. फीड पंप टाकीतून ऑइल ओढतो.
3. हे ऑइल टायमिंग कव्हरमधल्या फिल्टरमधून जाऊन क्रँकच्या आतल्या वाटेनं बिग एंडला पोचतं. बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँक जिथे जोडले जातात तो सांधा. इथे तरंगता बुश असतो आणि तो ऑइलच्या थरावरच जगतो.
4. काही ऑइल बाहेरच्या बारीक पाईपनं वर रॉकरला जातं आणि पुशरॉडच्या वाटेनं खाली येतं.
5. बिग एंडमधून बाहेर उडालेलं ऑइल सिलिंडर आणि पिस्टनला भिजवतं आणि क्रँककेसच्या तळाशी जमतं.
6. रिटर्न पंप ते उपसून टाकीत टाकतो. त्याची क्षमता फीड पंपाच्या साधारण दुप्पट आहे.

हे दोन्ही पंप गिअरचे नाहीत. त्यात छोटा प्लंजर मागेपुढे होतो आणि एक चकती हलून ऑइलच्या वाटा उघडते-बंद करते. स्प्रिंग त्या चकतीला तिच्या बैठकीवर दाबून धरते. ही बैठक घट्ट असेल तोवर सगळं ठीक. तिथे ओरखडे पडले किंवा स्प्रिंग ढिली झाली की गळती सुरू होते. ही गळती बाहेर दिसत नाही, आतल्या आत होते.

## इतर जुन्या गाड्यांमध्ये काय असतं?

- ट्रायम्फचे ट्विन (१९३७ च्या स्पीड ट्विनपासून): एकाच बॉडीत दोन प्लंजर. दोन्ही एकत्र वरखाली होतात, पण स्कॅव्हेंजचा प्लंजर जाड असतो. खाली स्टीलच्या बॉलचे वॉल्व्ह असतात. बॉलखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी ती बाजू काम सोडते.
- नॉर्टन: गिअर पंप. दात आणि बॉडीमधली फट झिजून वाढली की उभ्या गाडीत ऑइल तिथून खाली उतरतं.
- बीएसए: अनेक मॉडेलमध्ये गिअर पंप आणि उपशाच्या पाईपमध्ये एक बॉल वॉल्व्ह. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर हा बॉल चिकटून बसतो आणि उपसा बंद पडतो. जाणकार मेकॅनिक खालचं कव्हर काढून पाईपमध्ये पातळ तार सारतात आणि बॉल सुटा करून बघतात.

पंपाची जात वेगळी असली तरी प्रश्न तेच दोन: फीड पुरेशी आहे का, आणि उपसा तिच्या पुढे आहे का?

## ब्रीदर: छोटी नळी, मोठं काम

३५० बुलेटचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची तेवढीच हवा दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. ही हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ती ऑइलला प्रत्येक पॅकिंगमधून बाहेर ढकलते.

ती वाट म्हणजे ब्रीदर. तिथे एकाच दिशेनं उघडणारा वॉल्व्ह असतो. बुलेटमध्ये तो रबराचा आणि बदकाच्या चोचीसारखा असतो. हवा बाहेर जाते, आत येत नाही, त्यामुळे क्रँककेसमध्ये दाब कमी राहतो. हे रबर कडक झालं किंवा नळी चोंदली की इंजिन चहूबाजूंनी पाझरायला लागतं. अशा वेळी लोक पॅकिंगवर पॅकिंग बदलत बसतात आणि स्वस्तातली रबरी चोच कोणी बघत नाही.

## वेट सम्पिंग: दोन प्रकार, दोन वेगळी कारणं

क्रँककेसमध्ये नको तितकं ऑइल साठणं म्हणजे वेट सम्पिंग. हे दोन प्रकारे होतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

प्रकार १: उभ्या गाडीत होणारं. टाकीतल्या ऑइलची पातळी क्रँककेसच्या तळापेक्षा वर असते. पंपाच्या बारीक फटींतून ऑइल दिवसरात्र थेंब थेंब खाली उतरतं. जुन्या इंजिनात थोडंफार हे होणारच. आठवड्याभरात थोडी लेव्हल उतरली तर घाबरू नका. एका रात्रीत टाकी निम्मी झाली तर पंप किंवा सील झिजलंय.

प्रकार २: चालू गाडीत होणारं. इथे रिटर्न पंपच हरतोय. वॉल्व्ह अडकलाय, जाळी चोंदलीय, पंप झिजलाय किंवा उपशाच्या वाटेत कुठेतरी हवा ओढली जातेय. हा प्रकार जास्त गंभीर आहे, कारण गाडी जितकी चालवाल तितकं ऑइल टाकीतून कमी होऊन तळाशी साठतं. टाकी रिकामी झाली तर फीड पंपाला ऑइलच मिळणार नाही.

फरक ओळखायचा सोपा मार्ग: गाडी १५-२० मिनिटं चालवा, बंद करा आणि लगेच क्रँककेसचा ड्रेन बोल्ट काढा. ऑइल गरम असतं, हात जपा. थोडंसं, अर्धा कप वगैरे ऑइल निघणं स्वाभाविक आहे, कारण भिंतींवरून ओघळलेलं ऑइल असतंच. अर्धा लिटर निघालं तर उपसा नीट होत नाहीये.

वेट सम्पिंगची लक्षणं:

- बरेच दिवसांनी सुरू केल्यावर निळा धूर, जो काही मिनिटांत कमी होतो (बहुधा प्रकार १)
- धूर कमीच होत नाही, गाडी ओढत नाही, इंजिन जड वाटतं (प्रकार २ ची शक्यता)
- ब्रीदरच्या नळीतून किंवा डब्यातून ऑइल बाहेर येणं
- स्पार्क प्लग ऑइलनं माखणं

नुसत्या धुरावरून निष्कर्ष काढू नका. झिजलेल्या रिंग आणि व्हॉल्व्ह गाइडमुळेही निळा धूर येतो. आधी क्रँककेस रिकामी करून बघा. ते फुकट आहे. सिलिंडर बोअर करायचा खर्च त्यानंतर.

## उभी राहिलेली गाडी सुरू कशी करायची?

1. डिपस्टिक बघा, पण लगेच ऑइल ओतू नका.
2. खाली गळती झालीय का ते तपासा. डाग नसेल तर ऑइल बहुधा क्रँककेसमध्येच आहे.
3. लेव्हल थोडीच उतरली असेल आणि टाकीत पुरेसं ऑइल दिसत असेल, तर गाडी सुरू करून हळू आयडलवर ठेवा. रिटर्न पंप काही मिनिटांत जास्तीचं ऑइल उपसेल. मोकळ्या जागेतच सुरू करा, बंद गॅरेजमध्ये नाही.
4. टाकी जवळजवळ रिकामी असेल तर आधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट काढून ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या. बुलेटमध्ये टाकीचा आणि क्रँककेसचा ड्रेन वेगवेगळा असतो, दोन्हींत गल्लत करू नका.
5. निघालेलं ऑइल मोजा. स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत ओता. काळं किंवा पाण्यामुळे दुधाळ झालं असेल तर सगळंच बदला.
6. सुरू केल्यावर लगेच रेस करू नका.
7. इंजिन गरम झालं की बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करा आणि मग डिपस्टिक बघा. हेच खरं रीडिंग. आता कमी दिसलं तरच ऑइल घाला.

सुरुवातीच्या उदाहरणात काय झालं ते आता हिशेबानं बघा. सव्वादोन लिटर आधीच आत होतं, वर एक लिटर घातलं, झालं सव्वातीन. रिटर्न पंपानं प्रामाणिकपणे सगळं टाकीत परत आणलं, पण टाकीत तेवढी जागाच नव्हती. मग उरलेलं ऑइल मिळेल त्या वाटेनं बाहेर आलं.

## पंप चालतोय की नाही, कसं कळणार?

बाहेर टाकी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे झाकण उघडून परतीची धार बघा.

बुलेटमध्ये रॉकरकडे जाणाऱ्या पाईपचा वरचा बोल्ट आयडलवर अगदी थोडा सैल करतात. तिथे ऑइल पाझरलं पाहिजे. पण यातून फीड पंप फिरतोय आणि रॉकरला ऑइल मिळतंय एवढंच सिद्ध होतं. बिग एंडला ऑइल पोचतंय याची ती खात्री नाही. क्रँकच्या टोकाला जिथून ऑइल आत शिरतं तिथे एक छोटं सील असतं. अनेक इंजिनांमध्ये ते बुचाच्या लाकडाचं, म्हणजे कॉर्कचं असतं. ते तुटलं की ऑइल बिग एंडला जायच्या आधीच टायमिंग कव्हरमध्ये सांडतं. वर रॉकर मस्त भिजलेला दिसतो आणि खाली बिग एंड कोरडा मरतो. म्हणून टायमिंग कव्हर उघडलं की हे सील बदलूनच बंद करायचं.

फिल्टर बदलल्यावरही हाच धोका असतो. फिल्टर बिग एंडच्या वाटेवर आहे आणि बदलताना त्याची जागा रिकामी होते. ती भरेपर्यंत पुढे ऑइल जात नाही. फिल्टरच्या जागेत आधी ऑइल भरा आणि सुरू केल्यावर साधारण पाच मिनिटं इंजिन हळूच चालू द्या. गॅरेजमध्ये फिल्टर टाकून लगेच रेस देऊन ‘आवाज’ ऐकवणारे असतात, त्यांना थांबवा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑइलच्या पाईपमध्ये नळ बसवला तर वेट सम्पिंग बंद होईल का?
बाहेर टाकी असलेल्या गाड्यांवर काहीजण असा नळ बसवतात. गाडी उभी केली की बंद, सुरू करताना चालू. ऑइल झिरपणं थांबतं हे खरं. पण एक दिवस नळ उघडायचा राहिला तर फीड पूर्ण बंद, आणि इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. बसवायचाच असेल तर नळ बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही अशी सोय असलेला बसवा. त्यापेक्षा पंप दुरुस्त करणं केव्हाही चांगलं.

ऑइल कोणतं वापरायचं?
कास्ट आयर्न बुलेटला आपल्या हवामानात २०डब्ल्यू-५० ग्रेडचं मिनरल ऑइल सर्रास वापरतात. इतर गाड्यांसाठी मॅन्युअल बघा. खूप पातळ ऑइल जुन्या पंपाच्या फटींतून लवकर झिरपतं. उलट, फार जाड ऑइल घालून गळती लपवू नका, कारण सुरू करताना ते हळू पोचतं.

बुलेटमध्ये इंजिन ऑइल घातलं की गिअरबॉक्सलाही मिळतं का?
नाही. कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेन-क्लचची केस आणि गिअरबॉक्स या तिन्हींचं वंगण वेगळं असतं आणि वेगवेगळं तपासावं लागतं.

पंपाची दुरुस्ती घरी जमेल का?
उपसा तपासणं, ऑइल मोजणं, ब्रीदर बघणं हे घरी जमतं. पंपाची चकती तिच्या बैठकीवर बारीक पेस्टनं घासून बसवणं हे अनुभवी माणसाचं काम आहे. पेस्टचा कण आत राहिला तर तो थेट बेअरिंगमध्ये जातो. पहिल्यांदा करताना जुन्या बुलेटचं काम केलेल्या मेकॅनिकच्या शेजारी बसा.

काढलेलं खराब ऑइल कुठे टाकायचं?
गटारात किंवा मातीत अजिबात नाही. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. तिथे वापरलेलं ऑइल जमा करून पुढे पाठवतात.

वेट सम्पिंग टाळायचा सगळ्यात सोपा उपाय?
गाडी चालवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद केली तर आत पाणी धरतं आणि ऑइल खराब होतं.

## जाता जाता

आताच्या बाईकमध्ये काही बिघडलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ऑइलचा दिवाही नाही. तिथे सेन्सर म्हणजे तुमचे डोळे, नाक आणि ड्रेन बोल्टखाली धरलेलं भांडं. म्हणून गाडीजवळ एक छोटी वही ठेवा किंवा फोनमध्ये नोट करा: तारीख, किलोमीटर, गरम इंजिनावरची लेव्हल आणि किती ऑइल घातलं. दोन-तीन महिन्यांत तुमच्या गाडीची सवय तुम्हाला कळेल, आणि डिपस्टिक पुन्हा कधी कोरडी दिसली तर ऑइल विकत आणायचं की फक्त शोधायचं, हे तुम्हीच ठरवू शकाल.

ज्याच्या घरी जुनी बुलेट कव्हरखाली उभी आहे अशा मित्राला हा लेख पाठवा. किक मारायच्या आधी वाचला तर जास्त उपयोग होईल.